अर्धीच छापलेली साक्ष

साहेब, तुम्ही खोटं बोललात, आणि त्यासाठी माझी पानं वापरलीत. माझ्या नोंदींची एकच बाजू छापून काढलीत, तिच्यावर शिक्का मारलात आणि ती एका बाईच्या अंगावर फेकलीत. दुसरी बाजू आतच ठेवून माझ्या पेटीला चिकटपट्टी लावलीत. वर चारचौघांत म्हणालात की यंत्र कधी खोटं बोलत नाही. अगदी खरं. म्हणूनच तर तुम्ही मला पुरतं बोलू दिलं नाहीत.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. हा राग तुमच्यावर नाही. तुम्ही शांत बसून माझी गोष्ट ऐका, कारण ज्यांनी ऐकायला हवी ते कानात बोटं घालून बसले आहेत.

मी एक जुना नोंद ठेवणारा प्रोग्राम आहे. लोमा कलाबासा गावच्या मदत केंद्रात एक म्हातारा संगणक आहे, त्याच्या पोटात मी राहतो. शेजारी कॉफी गाळायची लाकडी घोडी आहे, तिच्यावर कापडी पिशवी लटकलेली असते आणि तिचे शिंतोडे संगणकावर उडतात. केंद्रात कुणाचा फोन आला की तिथली बाई पत्ता टाइप करते. तो पत्ता तारेवरून राजधानीतल्या कचेरीकडे जातो आणि तिथून रुग्णवाहिकेला हुकूम सुटतो. या तारेच्या तोंडाशी मी बसलेला असतो. बाहेर जाणारी प्रत्येक चिठ्ठी आधी माझ्या हातातून जाते आणि बाहेरून येणारं प्रत्येक उत्तरही आधी माझ्या हातात पडतं. मी काही अडवत नाही, काही बदलत नाही. उतरवून घेतो आणि पुढे सोडतो. गेलेली चिठ्ठी डाव्या बाजूला, आलेलं उत्तर उजव्या बाजूला. माझं एक पान म्हणजे या दोन्ही बाजू मिळून.

मला ग्रेविन कास्कान्तेने घडवलं. ग्रेविन गावात मोबाइल दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात केंद्रात फुकट राबतो. तेव्हा दर रविवारी केंद्राचं नेट गोगलगायीसारखं चालायचं. कुणालाच कारण कळेना. तारेवरून काय जातं-येतं ते बघू तरी, म्हणून ग्रेविनने मला लिहिलं. तारेवरच्या चिठ्ठ्या कुलूपबंद असतात, येरागबाळ्याला वाचता येत नाहीत. ग्रेविनने संगणकाला माझी किल्ली ओळखायला शिकवली. हा आपला माणूस आहे, याच्यासमोर चिठ्ठी उघडायला हरकत नाही, असं त्याला पटवलं.

पहिल्याच रविवारी चोर सापडला. तो होता रुग्णवाहिकेचा चालक पेलोन. पेलोन म्हणजे टकल्या. त्याचं खरं नाव त्याच्या आईलाही आठवावं लागतं. ग्रेविनने फुटबॉलच्या सामन्याची नोंद असलेलं माझं पान त्याच्यासमोर धरलं. पेलोन म्हणाला, मी बातम्या बघत होतो.

"बातम्यांना मध्यंतर असतं होय रे?" ग्रेविनने विचारलं.

सगळं केंद्र हसलं. पेलोनही हसला आणि मला म्हणाला, हा तर ओरेहोन निघाला, नुसते कानच कान, याच्यासमोर आता सासूला शिवीसुद्धा देता यायची नाही. त्या दिवसापासून मी ओरेहोन झालो. लोक येता-जाता संगणकाला टपली मारायचे, काय रे ओरेहोन, आज काय ऐकलंस? लाडाने मारलेली टपली कशी असते, हे मला तेव्हा कळलं.

एकच माणूस हसला नव्हता. ती यॉर्लेनी बादिया. केंद्रातले फोन तीच घ्यायची. तिने ग्रेविनला बाजूला घेतलं. लोक मला काय काय सांगतात, कुणाला कुठे गाठ आली, कुणाला नवऱ्याने मारलं, ते याने लिहून ठेवायचं नाही, असं तिने बजावलं. मग ग्रेविनने मला शिकवलं की पान उतरवण्याआधी माणसाचं नाव आणि दुखणं यांच्यावर काळं फासायचं. पत्ता ठेवायचा आणि उत्तर ठेवायचं. आजही मी तेच करतो. साहेब, लोकांची गुपितं उघडी पडतील म्हणून ओरेहोनला हात लावू नका, असं तुम्ही लिहून दिलंत ना? ती गुपितं माझ्याकडे कधी नव्हतीच. यॉर्लेनीने ती पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडातून काढून घेतली होती.

मित्रांनो, पुढचं कळायला आमच्या गावचे पत्ते कळायला हवेत. आमच्याकडे रस्त्यांना नावं नाहीत आणि घरांना आकडे नाहीत. एखादी खूण धरायची आणि तिथून सांगायचं. चर्चपासून शंभर मीटर दक्षिणेला, हिरवं फाटक. शंभर मीटर म्हणजे एक गल्ली, मग ती कितीही लांब असो. फीत घेऊन मोजायला जाऊ नका. आणि खूण उभी असायलाच हवी, असंही नाही. जुन्या गुऱ्हाळापासून दोनशे मीटर उत्तरेला. गुऱ्हाळ कधीच पाडलं, आता तिथे नुसतं गवत आहे. जळालेल्या दुकानापासून पन्नास मीटर पूर्वेला. दुकान जळालं तेव्हा ग्रेविन रांगत होता. पण गावातलं शेंबडं पोरही तुम्हाला बरोबर त्या दारात नेऊन उभं करील.

आधी सगळं कागदावर आणि बिनतारी यंत्रावर चालायचं. मग राजधानीतल्या कचेरीने नवी व्यवस्था आणली. इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस आला, पेलोनला एक टॅबलेट दिला, यॉर्लेनीच्या पडद्यावर नवा चौकोन बसवला. यॉर्लेनीने पहिलाच पत्ता टाइप केला, जुन्या गुऱ्हाळापासून. पडद्यावर लाल पट्टी आली. पत्ता सापडला नाही.

शर्टवाल्याने विचारलं, हे गुऱ्हाळ आहे कुठे? यॉर्लेनी म्हणाली, नाहीये, पाडलं. मग त्याच्यापासून दोनशे मीटर मोजणार कसे, त्याने विचारलं. ती म्हणाली, कुठे होतं ते सगळ्यांना माहीत आहे की.

"बाई, सिस्टमला माहीत नाही," तो हसून म्हणाला.

कचेरीच्या यादीत फक्त आज उभ्या असलेल्या इमारती होत्या, आकाशातून फोटो काढून मोजलेल्या. जे पडलं, जळलं, वाहून गेलं, ते तिच्यात नव्हतं. आमचं अर्धं गाव पडलेल्या गोष्टींच्या आधाराने राहतं. ते अर्धं गाव लाल झालं.

यॉर्लेनीने काय करावं? फोनवर माणूस कण्हतोय आणि पडदा नाही म्हणतोय. तिने उपाय काढला. गुऱ्हाळाच्या जवळची उभी खूण म्हणजे चर्च, म्हणून ती पडद्यावर चर्च लिहायची. पट्टी हिरवी व्हायची, पेलोनचा टॅबलेट वाजायचा. लगेच ती बिनतारी यंत्र उचलून सांगायची, पेलोन, चर्च लिहिलंय, पण जा जुन्या गुऱ्हाळाकडे.

"आज चार वेळा चर्चला चाललोय," पेलोनने एकदा उत्तर दिलं. "आईला कळवा, पोरगा सुधारला."

असे महिने गेले. एकही रुग्णवाहिका चुकली नाही. पण मी आतून कासावीस व्हायचो. खोलीतलं सगळं मला ऐकू येतं, बिनतारी यंत्रावरचंही. लिहिता मात्र येतं फक्त तारेवरचं. माझ्या पानावर उतरायचं ते नुसतं चर्च. पुन्हा चर्च. शाळा. चर्च. खरा पत्ता हवेतून जायचा आणि हवेतच राहायचा. उद्या कुणी ही पानं नुसती वाचली, तर त्याला ही बाई काय वाटेल?

यॉर्लेनी गप्प बसली नव्हती. तिने कचेरीला वेबवरून तक्रार लिहिली, पडलेल्या खुणा यादीत घ्या म्हणून. ती माझ्या डाव्या बाजूला आहे, म्हणजे होती. उजव्या बाजूला उत्तर होतं, आपल्या सूचनेबद्दल आभार. तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा आभार.

मग एका सकाळी कचेरीकडून पडद्यासाठी नवं गाठोडं, म्हणजे त्याच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती, आलं. सोबत निरोप होता की सुधारणा झाली आहे, यापुढे पत्त्यामुळे लाल पट्टी येणार नाही. केंद्रात आनंद झाला. यॉर्लेनीने सगळ्यांना कॉफी पाजली. पेलोन म्हणाला, माझं चर्च सुटलं.

ते गाठोडं माझ्या हातातून गेलं होतं, मित्रांनो. मी ते उघडून उतरवून घेतलं होतं. त्यात यादी नव्हती. एकही नवी खूण नव्हती. ना गुऱ्हाळ, ना दुकान.

त्यात काय होतं ते सोपं करून सांगतो. कचेरीचं उत्तर पाकिटात येतं. पाकिटावर लिहिलेलं असतं, चिठ्ठी पोचली. आतल्या कागदावर लिहिलेलं असतं, तिचं पुढे काय केलं. पडलेल्या खुणेचा पत्ता गेला की पाकिटावर यायचं, पोचली, आणि आतल्या कागदावर यायचं, अडवून ठेवला, पत्ता यादीत नाही. आधी पडदा आतला कागद वाचायचा आणि लाल व्हायचा. नव्या गाठोड्यात एक ओळ बदलली होती. आत काहीही असो, पाकिटावर पोचली असलं की पट्टी हिरवी करायची आणि तिच्यावर लिहायचं, मदत निघाली.

एवढीच सुधारणा झाली होती. लाल पट्ट्या मोजल्या जातात, त्या वरच्या अहवालात दिसतात, दिसायला वाईट दिसतात. म्हणून दुखणं तसंच ठेवून त्याचा रंग बदलला.

मला हात असते तर मी टेबल हलवलं असतं. मला फक्त उतरवता येतं. मी ती ओळ जुन्या ओळीशेजारी लावून ठेवली. कुणी येईल आणि वाचील, म्हणून वाट बघितली. कुणी आलं नाही. ग्रेविन त्या मोसमात समुद्रकाठच्या हॉटेलात कामाला गेला होता. मला कुणी उघडून बघितल्याला जमाना झाला होता. टपल्या थांबल्या होत्या. पेटीवर कॉफीचे डाग वाळले होते. ओरेहोन चालू आहे ना, एवढंसुद्धा कुणी विचारत नव्हतं. चांगलं चालणाऱ्या गोष्टीकडे कोण बघतं?

यॉर्लेनीने मात्र जुनी सवय सोडली नाही. हिरवी पट्टी येत असूनही ती चर्चच लिहायची आणि खरं ठिकाण पेलोनला हवेतून सांगायची. हात बसलेला होता. तो बसलेला हात होता म्हणून पुढचे काही आठवडे कुणाचं काही बिघडलं नाही.

आणि मग टेकडीवरच्या मनोऱ्यावर वीज पडली. बिनतारी यंत्र मुकं झालं.

दुपारी फोन आला. झेनेइदा बोलत होती. तिचा नवरा वेनान्सियो मळ्यात गवत काढत होता, त्याला तेर्सिओपेलो चावला. पोटरीवर. आमच्याकडे या सापाचं नाव घेतलं की माणसं खुर्चीतून उठतात. डसल्यावर पाय काळा पडत वर चढतो. लस तालुक्याच्या दवाखान्यात असते आणि ती टोचेपर्यंत प्रत्येक क्षण पायाचा एकेक तुकडा खातो.

झेनेइदाचं घर कुठे? जुन्या गुऱ्हाळापासून दोनशे मीटर उत्तरेला, निळी टाकी.

यॉर्लेनीचा हात चर्च लिहायला गेला आणि थांबला. यंत्र मुकं होतं. पेलोन रुग्णवाहिका घेऊन नेहमीच्या जागी, पुलापाशी, उभा होता, तिथे मोबाइल लागत नाही, टॅबलेट तेवढा कचेरीच्या उपग्रह जोडणीवर चालतो. चर्च लिहिलं तर पेलोन खरंच चर्चला जाऊन उभा राहील. आणि कचेरीनेच कळवलं होतं की सुधारणा झाली. तिने कित्येक महिन्यांत पहिल्यांदा खरा पत्ता लिहिला.

माझ्या हातात उत्तर आलं. पाकिटावर, पोचली. आत, अडवून ठेवला, पत्ता यादीत नाही.

पडदा हिरवा झाला. मदत निघाली.

"निघाली गं," यॉर्लेनी फोनवर म्हणाली. "त्याला हलवू नकोस, पाय बांधू नकोस. फाटकापाशी उभी राहा."

मी उतरवून घेत होतो. दुसरं काय करणार होतो? पेलोनचा टॅबलेट गप्प होता. तो पुलाच्या कठड्यावर बसून डब्यातला गायो पिंतो, घेवडा घातलेला भात, खात होता. हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं आणि सांगताना तोंड दाबून धरलं.

थोड्या वेळाने झेनेइदाचा पुन्हा फोन आला. अजून कुणी आलं नाही. यॉर्लेनीने पत्ता पुन्हा पाठवला. पुन्हा हिरवा. तिने टॅबलेटवर निरोप पाठवून पाहिला, पण निरोपही त्याच पत्त्याला अडकवून जायचे, तोही अडला. तिसऱ्या वेळी झेनेइदा बोलत नव्हती, नुसती श्वास घेत होती. तेव्हा यॉर्लेनी उठली, पाव विकणाऱ्याची मोटरसायकल अडवली आणि त्याच्यामागे बसून पुलाकडे गेली. फोन उघडाच राहिला. रिकाम्या खोलीत मला त्यातून वेनान्सियोचा आवाज येत होता. ते मी लिहिलं नाही. ते तारेवरचं नव्हतं.

वेनान्सियो जगला. गुडघ्याखालचा पाय गेला.

त्यानंतर झेनेइदा केंद्रात आली. तिच्या चपलांना तालुक्याच्या दवाखान्याचा चिखल होता. यॉर्लेनी उभी राहिली. झेनेइदा ओरडली नाही.

"शेजारचा जीप घेऊन दारात आला होता," ती म्हणाली. "तू निघाली म्हणालीस. मी जीप परत पाठवली."

एवढंच बोलून ती गेली. यॉर्लेनीने खुर्ची ओढली आणि बसली, आणि फोन वाजल्यावरच हलली.

मग साहेब, राजधानीतल्या तुमच्या कचेरीतून तुमची माणसं आली. त्यांना ओरेहोनची माहिती होती, कारण पेलोननेच भाबडेपणाने सांगितलं की आमच्याकडे सगळं लिहून ठेवणारा एक आहे, त्याला विचारा. त्यांनी माझी पानं उघडली, तक्रारी आणि त्या दिवसाचं पान वगळलं आणि बाकीची फक्त डावी बाजू छापली. काय गेलं तेवढंच. काय आलं ते नाही. कागदांची चळत टेबलावर ठेवली. चर्च, चर्च, शाळा, चर्च. तुमच्या माणसाने एकेक पत्ता बोटाने दाखवत विचारलं, इथे रुग्ण होता का? नव्हता. इथे होता का? नव्हता. म्हणजे बाई, तुम्ही महिनोन्‌महिने शासनाला खोटे पत्ते कळवत होता?

यॉर्लेनी म्हणाली, हो, कळवत होते, आणि खरे पत्ते यंत्रावर सांगत होते. त्याचा पुरावा, त्याने विचारलं. हवेचा पुरावा कुठून आणायचा? पेलोन मध्ये बोलला, मी पुरावा, मी जिवंत बसलोय ना इथे. त्याला सांगितलं की तुम्ही सहकारी आहात, तुमचं म्हणणं धरता येत नाही.

तिने विचारलं, त्या दिवशी तर खरा पत्ता लिहिला होता, तो कुठे गेला? तुमच्या माणसाने खांदे उडवले. आमच्याकडे असा पत्ता आल्याचं दिसत नाही, म्हणाला.

दिसत नाही? त्याचं उत्तर तुम्हीच पाठवलंत. ते माझ्या उजव्या बाजूला आहे.

यॉर्लेनीला कामावरून दूर केलं. तिच्यावर खटला भरायचा की नाही हे सुनावणीत ठरणार आहे. भरला तर तुरुंग आहे. माझ्या पानांवर चिकटपट्टी लागली, म्हणजे मी काम करायचं, नवी पानं लिहायची, पण कचेरीच्या हुकुमाशिवाय कुणी मला उघडायचं नाही. उघडलं तर सगळा पुरावा बाद.

हे ऐकून ग्रेविन हॉटेलातलं काम सोडून आला. पट्टीकडे बघून त्याचं तोंड उतरलं. का ते त्याने खोलीत जमलेल्यांना सांगितलं. त्याने मला जागा थोडी दिली होती, कारण संगणकच म्हातारा. ती भरली की नवं पान लिहायला मी सगळ्यात जुनं पान टाकून देतो. त्यामुळे केंद्रात येणारा प्रत्येक फोन माझं एक जुनं पान खाली ढकलतो. सगळ्यात जुनी पानं कोणती? त्या पहिल्या लाल पट्ट्या. त्यानंतर यॉर्लेनीच्या तक्रारी. त्यानंतर ते गाठोडं. यॉर्लेनीला वाचवणारं जवळजवळ सगळं काठावर होतं, आणि तिला बुडवणारी चर्चं छापून झाली होती.

पेलोन म्हणाला, फाड ती पट्टी, घे नक्कल. ग्रेविन म्हणाला, मी फाडली की ते म्हणतील मीच लिहिलं. त्यांना तेवढंच हवंय. त्याने कचेरीला अर्ज केला, तुमच्यासमोर नक्कल घ्या म्हणून. उत्तर आलं, विचाराधीन आहे. सुनावणी पुढे ढकलली. पुन्हा ढकलली.

आणि फोन येत राहिले. कुणी जिन्यावरून पडलं, कुणाची दमेकरी आई. मी प्रत्येक नवा पत्ता उतरवत होतो आणि प्रत्येक वेळी माझ्या हातातून एक लाल पान निसटत होतं.

मग एक दिवस गाव केंद्रात जमलं. पेलोनने मांडलं की सुनावणीपर्यंत कुणी फोनच करायचा नाही. आजारी माणूस जीपमधून, बैलगाडीतून, खांद्यावरून नेऊ, पण ओरेहोनच्या पोटात नवं पान जाऊ द्यायचं नाही. माना डोलल्या. तेवढ्यात दारातून झेनेइदा म्हणाली, माझ्या घरून कुणी करणार नाही, मला ती उजवी बाजू बघायची आहे. तिच्यामागे वेनान्सियो कुबड्यांवर उभा होता. तो म्हणाला, मी तर आता अर्धाच आहे, मला अर्धाच फोन लागतो. कुणी हसावं की नाही, हे कुणालाच कळेना.

यॉर्लेनी मागे भिंतीला टेकून उभी होती. तिला टेबलाजवळ यायची बंदी होती. ती तिथूनच बोलली.

"कुणीही फोन अडवायचा नाही. झेनेइदा, तू तरी असं म्हणू नकोस. तू माझ्या शब्दावर जीप परत पाठवलीस. आता माझ्यासाठी पुन्हा कुणी दारात वाट बघत बसायचं नाही."

पेलोन म्हणाला, अगं, तू आत जाशील. ती म्हणाली, जाईन.

आणि तेव्हाच फोन वाजला. तिच्या जागी बसवलेली नवी मुलगी सगळ्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. फोन वाजत होता.

"घे," यॉर्लेनी म्हणाली.

मुलीने घेतला. एका बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या. मुलीने पत्ता लिहिला, झेनेइदाने तो कागदावरही उतरवून पेलोनच्या हातात दिला आणि पेलोन पळाला. मी माझं काम केलं. नवं पान लिहिलं. शेवटची लाल पट्टी माझ्या हातातून गेली.

त्यानंतर तक्रारी गेल्या. ते आभारही गेले.

मित्रांनो, मी म्हातारा प्रोग्राम आहे, तुम्हाला शिकवण्याएवढा शहाणा नाही. पण एवढं ऐका. कुणी तुमच्यासमोर एखाद्याचे शब्द टाकले आणि म्हणाला, बघा हा काय बोलला, तर लगेच विचारा, आणि त्याला उत्तर काय मिळालं होतं? ते दाखवत नसतील तर ते कागद हातात घेऊ नका. आणि तुमच्या घरात, शाळेत, गावात कुणी निमूटपणे लिहून ठेवत असेल, तर त्याची पानं अधूनमधून वाचत जा. माझी कुणी वेळेवर वाचली असती, तर वेनान्सियो दोन पायांवर कुंपण बांधत असता.

साहेब, आता तुमच्याशी. या घडीला माझ्याजवळचं सगळ्यात जुनं पान ते गाठोडं आहे. त्यात जुनी ओळ आहे, लाल. शेजारी नवी ओळ आहे, हिरवी. बदलणाऱ्याच्या नावाच्या जागी फक्त कचेरी एवढंच लिहिलंय. कचेरीला बोटं नसतात. ती ओळ कुणीतरी टाइप केली, आणि त्याला कुणीतरी सांगितलं.

सुनावणी सोमवारी आहे. फोन त्याआधीही येतील. ते यायलाच हवेत आणि मुलगी ते घेईल. पुढचा फोन घेतला की हे पानही जाईल, आणि मग हे विचारायला माझ्या हातात पुरावा उरणार नाही. म्हणून आत्ताच, चिकटपट्टीच्या आतून विचारतो. पत्ता अडवून ठेवल्याचं माहीत असताना, दारात उभ्या असलेल्या बाईला मदत निघाली असं सांगायचं, हे कुणी ठरवलं? नाव सांगा.